ती बॉलवर वाकून थांबली की

मुलीला पहिली फिट आली तेव्हा ती फिट आहे हे आमच्या लक्षातच आलं नाही. आठवीत होती ती. जेवताना शाळेतलं काहीतरी सांगत होती, घास तोंडाशी नेला आणि हात तिथेच राहिला. डोळे उघडे, नजर समोर. मी म्हणाले, "काय गं, कुठे हरवलीस?" तेवढ्यात तिने घास तोंडात घातला आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. मधे काही झालंय हे तिच्या गावीही नव्हतं. आम्ही हसलो.

फिट म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे यायचं ते रस्त्यात पडून हातपाय झाडणारं माणूस आणि त्याला कांदा हुंगवणारे लोक. ही तर नुसती थांबायची. पुढे वर्गशिक्षिका म्हणाल्या की हिचं लक्ष नसतं. मग एकदा स्पाइन रोड ओलांडताना मी दुभाजकापाशी पोचले, मागे वळून बघितलं, तर ही रस्त्याच्या मधोमध उभी. समोरून टेम्पो येत होता, हॉर्न वाजत होता आणि ही शांतपणे त्याच्याकडे बघत होती. ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून ती आज आहे. त्या संध्याकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

चिंचवडच्या त्या डॉक्टरांनी तिच्या हातात कागदाची भिंगरी दिली आणि म्हणाले, "हिच्यावर जोरजोरात फुंकर मार, थांबू नकोस." भिंगरी गरगर फिरत राहिली. मग वेग कमी झाला आणि ती थांबली. मुलीच्या ओठांचा चंबू तसाच होता, पापण्या बारीक थरथरत होत्या. डॉक्टर हळूच म्हणाले, "हीच ती. बघून ठेवा." मेंदू काही क्षण गैरहजर असतो, एवढंच, असं त्यांनी समजावलं. झोप कमी झाली किंवा भराभर खोल श्वास घेतले की हिला ते चटकन होतं. गोळ्या सुरू झाल्या. गाडी चालवायची नाही, एकटीने पोहायचं नाही, बाथरूमची कडी लावायची नाही. बाकी सगळं कर, म्हणाले.

त्या 'बाकी सगळ्या'त स्नूकर आलं. माझा नवरा महाळुंग्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. कंपनीच्या रिक्रिएशन हॉलमध्ये एक जुनं टेबल होतं, तिथे तो हिला रविवारी घेऊन जायला लागला. मला बरंच वाटलं. धावायचं नाही, उंचावर चढायचं नाही, कुणी अंगावर येत नाही. हिरव्या कापडावर पांढऱ्या बॉलने आधी लाल आणि मग रंगीत बॉल खिशात घालायचे. यापेक्षा सुरक्षित खेळ कुठला असणार?

पुढे ती तळवड्याच्या क्लबमध्ये शिकायला जायला लागली आणि मी पहिल्यांदा तिचा खेळ नीट बसून बघितला. ती टेबलावर वाकली, हनुवटी क्यूच्या काठीला टेकवली, डोळे पुढे लावले आणि थांबली. एकदम गप्प, मूर्तीसारखी. हे नेम धरणं आहे की ते दुसरं, हे लांबून ओळखायचं कसं? तिला शिकवणारे सर शेजारीच उभे होते, कौतुकाने म्हणाले, "बघा मॅडम, किती स्थिर! हे शिकवून येत नाही." मी हं म्हणाले. तिने शॉट मारला तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

सरांना काही माहीत नव्हतं. क्लबमध्ये कुणालाच नव्हतं. तशी तिचीच अट होती. शाळेत एका मुलीने तिला 'स्टॅच्यू' म्हणायला सुरुवात केली होती आणि मग सगळा वर्गच म्हणायला लागला. "क्लबमध्ये मी फक्त खेळते," ती मला म्हणाली. "तिथे तरी कुणाला सांगू नकोस, आई." गोळ्यांनी फरक पडला होता, वर्ष उलटून गेलं तरी काही दिसलं नव्हतं. मी कबूल केलं.

ती बारावीत असताना ते आमंत्रण आलं. क्लबचे मालक निघोज्याच्या जुन्या शेतकरी घरातले. जमीन कंपन्यांना गेली, त्यातून त्यांनी हॉल बांधला, हॉटेल काढलं आणि हौसेने हा क्लब. त्यांनी मोठी स्पर्धा भरवायचं ठरवलं होतं, फक्त निमंत्रित खेळाडूंची. सगळे व्यावसायिक, मुंबई, इंदूर, बंगळूरहून येणारे. एके दिवशी ते मिठाईचा बॉक्स घेऊन आमच्या मोशीच्या फ्लॅटवर आले.

"म्याडम, समदे बाहेरचे खेळाडू येत्यात," सोफ्याच्या कडेवर बसून ते म्हणाले. "आपल्या हितलं कुणीच न्हाई म्हंजे बरं दिसतंय व्हय? पोरीचं नाव घातलंय मी. हरली तर हरली. पन खेळू द्या."

मुलगी दारात उभी होती. तिचा चेहरा मी बघितला आणि नाही म्हणायची सोय उरली नाही.

तेव्हापासून मला धड जेवण गेलं नाही. मी शाळेत भूगोल शिकवते; नकाशावर नद्या दाखवताना मधेच हात थांबायचा आणि वाटायचं, आपल्यालाही तेच झालं का? डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "खेळू दे की. फक्त झोप नीट होऊ दे आणि गोळी चुकवू नका." मी नवऱ्याला म्हणाले, आपण सरांना तरी सांगून ठेवू. तो म्हणाला, "सांगायचं तर तिला विचारून सांग. तिची गोष्ट हाय ती." मी तिला विचारलं. तिने खोलीचं दार लावून घेतलं. मी पुन्हा विषय काढला नाही.

सामन्याच्या सकाळी ती तयार होऊन बाहेर आली. काळी पँट, पांढरा शर्ट, वर सरांनी शिवून घ्यायला सांगितलेलं जाकीट.

"झोप झाली?"

"झाली."

डोळ्यांखाली काळं होतं. ती खोटं बोलत होती हे मला कळलं आणि मला कळलंय हे तिलाही. गोळी तिने माझ्यासमोर घेतली, जीभ बाहेर काढून दाखवली, आणि आम्ही रिक्षाने निघालो. नवऱ्याची रात्रपाळी होती. तो सुटला की परस्पर येणार होता.

क्लबच्या हॉलमध्ये शिरल्यावर मला तो ओळखू येईना. मधलं एकच टेबल ठेवलं होतं, त्यावर पांढरा झगझगीत उजेड, बाकी सगळीकडे काळोख. भोवती दोरी बांधलेली, दोरीपलीकडे खुर्च्या. वर आणि कोपऱ्यांत कॅमेरे. इंटरनेटवर थेट दाखवणार होते. लातूरला सासरी सगळे फोन लावून बसलेत, असा नणंदेचा मेसेज सकाळीच आला होता. हातमोजे घातलेल्या पंचांच्या शर्टाला छोटा माइक होता. त्यांनी नुसतं खाकरलं तरी हॉलभर ऐकू यायचं.

तिचा प्रतिस्पर्धी इंदूरचा होता. चाळिशी ओलांडलेला, बारीक, केस मागे वळवलेला माणूस. मुलीशी हात मिळवताना तो जराही हसला नाही. मला तेही भीतीदायक वाटलं.

पाचांतल्या तीन फ्रेम, म्हणजे डाव, जो जिंकेल तो पुढे. पहिल्या फ्रेममध्ये ती सुरुवातीला चाचपडली. मग एकदा निळ्या बॉलवर वाकली आणि थांबली. थांबलीच. मी तिच्या हाताकडे बघत होते, पापण्यांकडे बघत होते, पण उजेड डोक्यावरून होता आणि डोळ्यांत सावली. उठून हाक मारू? हाक मारली आणि ती नुसतीच नेम धरत असली तर? एवढ्या लोकांत तिचा शॉट मी बिघडवलेला असेल. आणि नसली तर? मी अर्धवट उठले, मागचा माणूस म्हणाला, "ताई, बसा ना." तेवढ्यात खट्ट आवाज झाला आणि निळा सरळ खिशात गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बसले.

ती फ्रेम ती हरली, पण दुसरी जिंकली. कशी जिंकली ते मला विचारू नका. मी बॉल बघतच नव्हते, मी तिला बघत होते. हॉलमध्ये एकदम जान आली. मालक पहिल्या रांगेतून मागे वळून मला म्हणाले, "पोरीनं नाव काढलं, म्याडम!" मी नवऱ्याला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, चाकणच्या चौकात ट्रक आडवा झालाय, तासाभरापासून अडकलोय, फोनवर बघतोय.

तिसऱ्या फ्रेममध्ये इंदूरवाल्याने सूत्रं हातात घेतली. तो एकामागून एक बॉल घालत राहिला आणि मुलगी कोपऱ्यातल्या तिच्या खुर्चीवर बसून राहिली. या खेळात ते फार वाईट. समोरचा खेळतो आणि आपण नुसतं बघायचं. तिचा पाय हलायला लागला. सर दोरीच्या पलीकडून तिच्यासमोर उभे होते. त्यांनी तिच्याकडे बघून छातीवर हात ठेवला आणि तो खालीवर केला. लांब श्वास घे, असं सांगत होते ते. तिने मान हलवली आणि श्वास घ्यायला लागली. नाकाने आत, तोंडाने बाहेर. खोल. मग आणखी खोल. घाबरली होती ना, त्यामुळे आपोआप वेगही वाढत गेला.

मला डॉक्टरांकडची ती भिंगरी दिसली.

मी हात हलवला, ती माझ्याकडे बघेना. मी वाकून, लोकांच्या पायांमधून वाट काढत सरांपर्यंत पोचले आणि त्यांची बाही ओढली.

"सर, तिला असे श्वास घ्यायला सांगू नका."

"का? टेन्शनमध्ये आहे ती."

"नको. मी सांगते ना, नको."

"अहो पण का, मॅडम?"

मी तोंड उघडलं. तिला दिलेलं वचन आठवलं. पंचांनी आमच्याकडे वळून बघितलं आणि माइकमधून आवाज आला, "कृपया शांतता." सगळा हॉल आमच्याकडे बघायला लागला. मी तिथेच दोरीपाशी खाली बसले. त्याच वेळी इंदूरवाल्याचा एक बॉल खिशाच्या तोंडाशी अडकला, पाळी मुलीकडे आली आणि ती उठली.

आता मी तिच्या अगदी समोर होते. पहिल्यांदाच तिचा चेहरा समोरून दिसत होता. तिने क्यूच्या टोकाला चॉक लावला, टेबलाला फेरी मारली, एक लाल बॉल निवडला, वाकली. क्यू दोनदा मागेपुढे केला आणि थांबली.

पापण्या थरथरल्या. बारीक, भराभर. ओठ किंचित उघडे. आणि डोळे, त्यांत बॉल नव्हता, मी नव्हते, कुणीच नव्हतं. मागच्या हाताची पकड सैल झाली, क्यूचं टोक हळूहळू पुढे घसरलं आणि पांढऱ्या बॉलला टेकलं. बॉल जरासा सरकला.

"फाऊल," पंच म्हणाले.

ती हलली नाही. लोकांत कुजबुज झाली. पुढच्या क्षणी ती परत आली आणि मधे काही घडलंच नसल्यासारखा तिने शॉट मारला. पांढरा बॉल होता तिथे राहिला नव्हता, त्यामुळे तो कशालाच न लागता भलतीकडे गेला. कुणीतरी मोठ्याने हसलं, आणखी दोघं हसले. ती सरळ उभी राहून टेबलाकडे बघत राहिली. असा शॉट तिच्या हातून कधी गेला नव्हता.

"फाऊल झालाय," पंच पुन्हा म्हणाले. "तुम्ही त्यानंतर खेळलात."

"कसला फाऊल? मी आत्ता तर मारला."

"क्यू आधीच लागला होता बॉलला."

"नाही लागला, सर!"

इंदूरवाला खुर्चीतून म्हणाला, "बेटा, सबने देखा है."

तिने त्याच्याकडे बघितलं, पंचांकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला ठाऊक नाही, पण तिला ते वाचता आलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरला. मी दोरी उचलून आत शिरले. एवढंच मनात होतं की तिला धरायचं, बाहेर न्यायचं, घरी न्यायचं, आणि पुन्हा या उजेडात उभं करायचं नाही.

"आई, थांब," ती म्हणाली.

मग ती पंचांकडे वळली. "सर, मला फिट येते. थांबते मी, तेवढंच. आत्ता आली असेल. तेव्हा मला कळत नाही. क्यू लागला म्हणताय तर लागला असेल. फाऊल धरा."

पंचांच्या शर्टावरच्या माइकने ते सगळ्या हॉलला ऐकवलं. कॅमेऱ्यांमधून लातूरलाही ऐकवलं.

मालक धोतर सावरत आत आले. "थांबवा म्याच," ते पंचांना म्हणाले. "पोरीला हितं काय झालं तर? न्हाई न्हाई, थांबवा. म्याडम, घरी न्या तिला. बक्षीस देतो आमी, पन न्या."

"मला खेळायचंय," मुलगी म्हणाली.

इंदूरवाला तोवर उठून जवळ आला होता. त्याने मला विचारलं, "डॉक्टरने खेलने से मना किया है क्या?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. किती सोपं होतं! हो म्हटलं असतं की संपलं असतं. कुणी कागद मागितला नसता. मुलीला तेवढ्यापुरता राग आला असता आणि माझी ही भीती तिथेच थांबली असती. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता, हे मी लपवत नाही. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. ती क्यूच्या टोकाकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले. "मनाई नाही."

"तो फिर?" तो पंचांना म्हणाला. "ब्रेक दीजिए थोडा. बच्ची को पानी पिलाइए. मैं बैठा हूँ."

ब्रेकमध्ये मी तिला मागच्या खोलीत घेऊन बसले. ती पाणी प्यायली, बिस्किट खाल्लं. सर दाराशी उभे होते, त्यांचे डोळे भरले होते. "मॅडम, मला एकदा सांगायचं तरी. मीच तिला श्वास घे, श्वास घे म्हणून..." मुलगीच त्यांना म्हणाली, "सर, मीच नको म्हणाले होते आईला." मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "किती वेळ गेले होते मी?"

"फार नाही."

"लोक हसले ना?"

"थोडे."

तिने जाकिटाची गुंडी लावली आणि बाहेर गेली.

पुढचा खेळ मी दोरीपाशीच, जमिनीवर बसून बघितला. कुणी मला उठवलं नाही. वाटलं होतं, आता सगळ्यांना कळलंय, लपवायचं काही उरलं नाही, तर निदान छाती हलकी होईल. तसं झालं नाही. उलट आता ती वाकून थांबली की सगळा हॉलच श्वास रोखून तिच्या पापण्यांकडे बघत होता. पंच एक पाऊल पुढे सरकत, सरांचा हात दोरीवर आवळला जाई. शॉट लागला की सगळेजण एकदम सुटल्यासारखे हलत. तिला ते कळत होतं. तिचे सोपे शॉट चुकायला लागले. इंदूरवाल्याने मात्र तिला काही सवलत दिली नाही. तो जसा आधी खेळत होता तसाच खेळला, नेमका आणि निर्दय, आणि तिसरी, चौथी अशा दोन्ही फ्रेम घेऊन गेला. पुन्हा काही झालं नाही. ती हरली, पण हरेपर्यंत पायांवर उभी होती.

हात मिळवताना त्याने तिला हळूच काहीतरी सांगितलं. रिक्षात बसल्याबसल्या मी तिला विचारलं, काय म्हणाला? "तो म्हणाला, दुसरी फ्रेम मैंने छोड़ी नहीं थी, तूने ली है," ती म्हणाली. "आणि विचारलं, कितवीत आहेस?"

खरं तर आम्ही रिक्षाने घरी गेलोच नाही. रिक्षा क्लबच्या फाटकातून बाहेर पडली तोच नवरा पळत येताना दिसला, कंपनीच्या गणवेशात, बुटांवर ग्रीस. मोटरसायकल चौकातच एका टपरीवाल्याकडे सोडून तो चालत, पळत, शेवटी कुणाच्या तरी टेम्पोत बसून आला होता. आम्ही रिक्षातून उतरलो. त्याने मुलीचं डोकं छातीशी धरलं. मग म्हणाला, "निळा लई भारी मारलास गं." ती तेव्हा रडली, त्या दिवशी पहिल्यांदा.

त्या संध्याकाळी फोन थांबेनात. नणंद म्हणाली, "वहिनी, एवढं सगळ्या जगासमोर सांगायची काय गरज होती? उद्या पोरीचं लग्न जमवायचंय." नवऱ्याने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाला, "अक्का, तिचा बारावीचा पेपर हाय आधी. तो होऊ दे." आणि ठेवून दिला. शाळेत तिला 'स्टॅच्यू' म्हणणाऱ्या त्या मुलीचाही मेसेज आला होता. काय होतं त्यात, मुलीने मला दाखवलं नाही आणि मी मागितलं नाही.

डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला. तिचं वजन वाढलंय, आधीचा पुरत नाही, म्हणाले. मालकांनी मध्यंतरी सरांकडून निरोप पाठवला, "पुढच्या खेपेला डाक्टर बसवून ठिवतो हॉलात, पन पोरीला म्हनावं, यायचंच." तिने होही म्हटलं नाही आणि नाहीही नाही.

क्लबमध्ये मात्र ती परत गेली, तिसऱ्याच दिवशी. आता तिथे सगळ्यांना माहीत आहे. ती जरा जास्त थांबली की सर हळूच विचारतात, "आहेस ना?" आणि ती वाकल्यावाकल्याच ओरडते, "आहे, सर! बोलू नका ना!" तो शॉट हमखास चुकतो. मला तिने आत बसायची बंदी केली आहे, माझ्या बघण्याचं तिला ओझं होतं म्हणे. मी बाहेर पार्किंगमधल्या बाकावर बसते, वह्या तपासायला घेऊन. समोरून आयटी पार्कच्या बसेस जात असतात. आतून बॉलवर बॉल आपटल्याचा आवाज येतो, मग काहीच येत नाही, आणि माझं पेन थांबतं. परत खट्ट वाजलं की मी पुढची वही घेते.